बाजूच्या कंपनीचं काय?

परवा एका लग्नात आमच्या जुन्या ऑफिसचे मालक भेटले. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढेच उभे होते. ताटात दोन गुलाबजाम घेत म्हणाले, "आपले बाजूवाले काका आठवतात का रे? काय माणूस होता! लाख माणूस. अशी माणसं आता मिळत नाहीत." माझ्या अंगाची लाही लाही झाली. एक तर तो माणूस 'होता' नाही, अजून आहे. छावणी भागात राहतो, रोज सकाळी स्वतः दूध आणायला जातो. आणि दुसरं म्हणजे, अशी माणसं मिळत नाहीत असं सांगणाऱ्या याच तोंडानं त्या माणसाला भर सभेत खाली बसवलं होतं. लग्नघरात तमाशा नको म्हणून गप्प बसलो, असं बायकोला सांगितलं. पण त्या सभेत मीही होतो, आणि खरं कारण ते आहे. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितो.

बाजूवाले हे नाव त्यांना ऑफिसानं दिलं होतं. त्यांच्यासमोर कुठलाही आकडा ठेवा, कुठलीही बढाई मारा, पहिला प्रश्न ठरलेला. "बाजूला कोण आहे?" एखाद्या कंपनीचं उत्पन्न वाढलं असं म्हटलं की म्हणायचे, "वाढलं ना, ठीक. बाजूच्या कंपनीचं काय?" बाजूची म्हणजे तोच माल बनवणारी आणि त्याच बाजारात विकणारी दुसरी कंपनी. "एकट्याची वाढ म्हणजे गप्पा रे बाबा. पाऊस चांगला झाला तर सगळ्या गल्लीच्या विहिरी भरतात. त्यात तुझ्या विहिरीचं काय कौतुक?"

हे कामापुरतं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. मालकांचा मुलगा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, तेव्हा यांनी पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे विचारलं, "वर्गात बाकीच्यांना किती पडले?" आमच्या टायपिस्ट बाईंची सासू दवाखान्यातून बरी होऊन घरी आली, तर यांचा प्रश्न, "बाजूच्या खाटेवरची कशी आहे?" बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. छावणीच्या बाजारात ते दोन गाड्यांवरून अर्धा अर्धा डझन केळी घेत आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गाडीवाल्यांना निकाल सांगत. त्यातला एक तर त्यांना लांबूनच ओरडायचा, "चचा, आज नहीं बेचना आपको, आगे बढ़ो!" काकू सांगायच्या की लग्न ठरताना ह्यांनी त्यांच्या धाकट्या बहिणीचीही पत्रिका मागवली होती, नुसती तुलनेला. हे सांगून त्या हसायच्या, पण प्रत्येक वेळी सांगायच्या, यावरून ते अजून पचलेलं नसावं.

आमचं ऑफिस क्रांती चौकाच्या मागं, एका स्टेशनरीच्या दुकानावर होतं. लोकांचे पैसे शेअरमध्ये आणि फंडांत लावून द्यायचे, हा धंदा. गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त मास्तर, बँकेतून बाहेर पडलेले साहेब, आणि अलीकडं बरेचसे शेतकरी. रस्त्याला, कारखान्यांना जमिनी गेल्या की सरकारकडून जो पैसा येतो त्याला आमच्याकडं मावेजा म्हणतात. हा मावेजा घेऊन माणसं धोतरात, पायजम्यात जिना चढून यायची. या सगळ्यांसाठी आम्ही दर पंधरा दिवसांनी चार पानांचं पत्रक काढत होतो. त्यातलं तिसरं पान माझं. त्याचं नाव 'आमनेसामने'. एक कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी, दोघींचं उत्पन्न किती वाढलं ते शेजारी शेजारी मांडायचं, म्हणजे गुंतवणूक करणाऱ्याला दिसावं की घोडं कुठलं पळतंय.

मी पान लिहायचो आणि काका तपासायचे. एका कारखान्यात मालाची किंमत काढायच्या खात्यात त्यांची नोकरी झालेली. निवृत्तीनंतर आमच्याकडं ते पानाच्या हिशोबानं पैसे घेत, आणि ते पैसे इतके कमी होते की मला ते सांगायलाही लाज वाटते. कोरा कागद हातात आला की ते आधी त्याची उभी घडी घालायचे, नखानं दाबायचे आणि पुन्हा उघडायचे. डावीकडं एक कंपनी, उजवीकडं दुसरी. डावीकडं लिहिलेल्या प्रत्येक ओळीसमोर उजवीकडं तीच ओळ आली पाहिजे. नसेल तर डावीकडची खोडायची. कंपन्यांचे वार्षिक अहवाल ते मागून पुढं वाचत. "पुढं फोटो असतात, मागं टिपा असतात. बारीक अक्षरात जे छापलंय ते आधी वाच, जाड अक्षरातलं कंपनी स्वतःच तुला वाचून दाखवते." लाकडी पट्टी ओळीखाली ठेवून, ओठ हलवत, पोथी वाचल्यासारखं ते हे सगळं वाचत बसायचे.

आणि त्यांचा एकच नियम होता. सारख्याला सारखं लाव. एकदा मी एका कंपनीचे दिवाळीचे तीन महिने दुसरीच्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांसमोर ठेवले होते. त्यांनी माझं पान मधोमध फाडलं, अगदी घडीवरून, नीट, आणि दोन्ही तुकडे माझ्यापुढं ठेवले. "दिवाळीत कोणाचीही विक्री वाढते. लिही पुन्हा." मला त्या माणसाचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. एकेक पान पाच पाच वेळा लिहायला लावायचे. मी मनात म्हणायचो, देवा, यांना एक महिना तरी रजेवर पाठव.

देवानं ते ऐकलं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं.

नेमक्या त्याच पंधरवड्यात पंपांच्या कंपन्यांचं पान होतं. एक कंपनी आमच्याच गावातली, वाळूजकडं कारखाना असलेली. दुसरी पुण्याकडची. आपल्या गावची कंपनी म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनाच उत्साह, त्यात त्या कंपनीनं आमच्या गुंतवणूकदार मेळाव्याचा सगळा खर्च उचलायचं कबूल केलं होतं. मी आकडे काढले. आपल्या कंपनीचं उत्पन्न पुण्यावालीच्या जवळजवळ दुप्पट वेगानं वाढलेलं. मी मथळा दिला, 'प्रतिस्पर्ध्याला टाकलं मागे!' आणि पान छापून गेलं. तपासायला कोणी नव्हतं आणि मला ते फार सुखाचं वाटलं.

काका परतले ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून, मेळाव्याच्या दोन दिवस आधी. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती, म्हणून त्यांनी पत्रक टायपिस्ट बाईंकडून वाचून घेतलं. मग बाईंकडूनच अहवालाच्या मागच्या टिपा वाचून घेतल्या. तास-दीड तासानं मला हाक मारली. "अरे बाबा, तू डावीकडं 'एकूण उत्पन्न' घेतलंस आणि उजवीकडं 'विक्री' घेतलीस." मी म्हटलं, असेल. "असेल नाही, आहे. आपल्या कंपनीनं जुन्या कारखान्याची जागा विकली. त्याचा नफा त्या एकूण उत्पन्नात आहे. तो काढ आणि नुसते पंप लाव पंपांसमोर." मी लावले. आपल्या कंपनीची पंपांची विक्री वाढली नव्हती, उलट थोडी घटली होती. वाढली होती ती पुण्यावालीची.

मी मालकांकडं गेलो. एवढं तरी केलं. मालक म्हणाले, "एकूण उत्पन्न वाढलंय की नाही?"

"वाढलंय."

"आपण आकडा खोटा छापलाय का?"

"नाही."

"मग विषय संपला. परवा मेळावा आहे, कंपनीचे साहेब येणार आहेत, अन् तू मला टिपा काय दाखवतोस?" शिवाय मी निघताना म्हणाले की जालन्याच्या नव्या शाखेसाठी तुझंच नाव डोक्यात आहे. मी जागेवर येऊन बसलो. काकांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, बघतो म्हणाले.

इथं अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा पडेगावचे. त्यांची जमीन रस्त्यात गेली होती, घरामागचा एक तुकडा आणि त्यावरची सीताफळाची झाडं तेवढी उरली होती. अप्पांना जमिनीशिवाय करमत नव्हतं. सोयगावकडं, बहिणीच्या गावाजवळ, त्यांनी चार एकर काळं रान बघून ठेवलं होतं. पण ते रान ज्यांचं होतं त्या भावाभावांत वाटणी व्हायची होती, त्याला वर्षभर लागणार होतं. "तवर पैसा नुसता पडून ठिवायचा का?" म्हणून ते आमच्याकडं आले होते. आठवड्यातून एकदा यायचे, कधी पेरू, कधी हिरव्या मिरच्या घेऊन, आणि काकांच्या टेबलाशी बसायचे. शेअर काय असतो हे काकांनीच त्यांना समजावलं होतं, दोन वावरांच्या पिकाची आणेवारी शेजारी मांडून.

मेळावा बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात होता. हॉल भरलेला. स्टेजवर कंपनीचे साहेब, आणि त्यांच्या मागं पडद्यावर माझं पान. वाढीच्या दोन उभ्या पट्ट्या, एक उंच, एक बुटकी. मालक सांगत होते, "ही आपल्या मातीतली कंपनी," आणि टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून काळा चष्मा उभा राहिला.

"एक विचारायचं होतं."

"काका, प्रश्न शेवटी," मालक म्हणाले.

"शेवटी लोक जेवायला उठतात." लोक हसले. माईक त्यांना कोणी दिला नाही. आवाज बारीक, पण त्यांनी तो जमेल तेवढा ताणला. "इथं ज्यांना मावेजा मिळाला त्यांनी जरा हात वर करा बरं."

अर्ध्या हॉलचे हात वर झाले. अप्पांचाही.

"ज्या वर्षी मावेजा आला, त्या वर्षी घरात पैसा जास्त आला ना?"

"आला की!" चार-पाच आवाज.

"मग त्या वर्षी पीक वाढलं का?"

हॉल हसला. अप्पा बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाले, "वावरच गेलं, पीक कुठून वाढंल?"

"बस, एवढंच सांगायचं होतं," काका म्हणाले. "या कंपनीनंही वावर विकलंय. जुनी जागा. तो पैसा या उंच पट्टीत मिळवलाय. पंप गेल्या वर्षीपेक्षा कमीच विकले गेलेत. आणि बाजूच्या कंपनीची ती बुटकी पट्टी आहे ना, ती नुसत्या पंपांची आहे."

सगळ्या माना पडद्यावरच्या पट्ट्यांकडं वळल्या. मी ते विसरलेलो नाही. माणसांना कळलं होतं. अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या, सही करताना पेन घट्ट धरणाऱ्या माणसांना ते एका वाक्यात कळलं होतं, आणि आणखी अर्धा मिनिट कोणी काही केलं नसतं तर सगळं तिथंच निभावलं असतं. पण मालकांनी माईक तोंडाशी धरला. "मंडळी, काकांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय. त्यांना सध्या उंच-बुटकं नीट दिसत नाही." हॉल पुन्हा हसला. तीच माणसं. मला स्टेजवरचे साहेब हसले याचा राग नाही, त्यांचं ते कामच होतं. ज्यांच्यासाठी हा माणूस डोळ्यांवर काळा चष्मा असताना दुसऱ्याच्या डोळ्यांनी टिपा वाचत बसला, ती माणसं हसली, याचा मला अजून संताप येतो.

"ज्यानं आकडे काढले तो इथंच आहे," मालक म्हणाले. "त्यालाच विचारू. काय रे, आकडा बरोबर आहे की नाही?"

माईक माझ्याकडं आला. मी उठलो. समोर काका उभे, त्यांच्या मागच्या रांगेत अप्पा मान उंच करून माझ्याकडं बघतायत.

"एकूण उत्पन्नाचा आकडा बरोबर आहे," मी म्हणालो.

"आणि पंपांचा?" काकांनी विचारलं.

"सविस्तर माहिती ऑफिसात मिळेल."

टाळ्या पडल्या. काकांनी हातातल्या कागदाची उभी घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली बसले. त्या दिवशी त्या हॉलमध्ये एकही माणूस खोटं बोलला नाही, हे लक्षात घ्या. माझा आकडा खरा होता. जागा विकल्याची टीप अहवालात छापलेली होती. मालकांनी ऑपरेशन झाल्याचं सांगितलं, तेही खरंच होतं, आणि पुढची ती थट्टा होती. खऱ्याखुऱ्या गोष्टी एकावर एक रचून शंभरेक घरांना गंडवता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि शिकवणाऱ्यांत मीही होतो.

सोमवारी मालकांनी काकांना सांगितलं की डोळ्यांना आराम द्या, लागेल तेव्हा बोलावू. त्यांनी आपली लाकडी पट्टी पिशवीत टाकली. माझ्या टेबलावर माझंच पान ठेवलं, उजवी-डावी दुरुस्त करून. म्हणाले, "पुढच्या वेळी सारख्याला सारखं लाव." बस, एवढंच! अरे माणसा, दोन शिव्या तरी घाल. कॉलर धर. चार लोकांसमोर तोंडात मार, मी मुकाट्यानं सोसलं असतं. इतका वेळ काढून माझी पानं फाडणारा माणूस, मी त्याला भर सभेत फाडल्यावर पट्टी उचलून निघून गेला. या सभ्यपणाची मला त्या काळात चीड आली होती.

काही महिन्यांनी कंपनीचे पुढचे आकडे आले. या खेपेला विकायला जागा नव्हती. पंप किती विकले गेले ते उघडं पडलं आणि शेअर असा आपटला की फोन घेता घेता आमचे कान तापले. मालक सगळ्यांना सांगत होते, "बाजार आहे, खालीवर होणारच." जालन्याची शाखा निघाली नाही. मी लगेच राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं. मी आणखी दहा महिने तिथं काम केलं.

सोयगावच्या भावांची वाटणी त्याच सुमारास झाली आणि त्यांनी अप्पांकडं पैसे मागितले. मेळाव्यानंतर अप्पांनी मावेजा याच कंपनीत लावला होता; ते शेअर त्यांनी पडत्या भावात विकले. चार एकरांना पैसे पुरेनात, आणि ते भाऊ तुकडा पाडून द्यायला तयार नव्हते. रान दुसऱ्यानं घेतलं. अप्पांचं पुन्हा शेतकरी व्हायचं तिथंच राहून गेलं.

मग एका दुपारी अप्पा जिना चढून आले. हातात दोन कापडी पिशव्या. मी बसा म्हणालो, पाणी दिलं आणि मालकांचं वाक्य तोंडातून निघालं, "बाजार पडला, अप्पा."

"बाजाराचं जाऊ द्या," अप्पा म्हणाले. "त्या दिशी म्हाताऱ्या साहेबाचं मला पटलं व्हतं. लई पटलं व्हतं. पर तुम्ही उठून म्हणलात, आकडा बराबर हाये. म्या म्हणलं, लिव्हणाराच म्हणतोय तर आपलंच चुकत असंल. आपण काय शिकल्यालो नाय."

त्यांनी पिशव्या टेबलावर ठेवल्या. "सीताफळं हायेत. एक पिशवी तुमची, एक त्या साहेबाची. त्यांचं घर मला ठावं नाय, तेवढी पोचती करा. अन् पिशव्या तेवढ्या आणून द्या, घरच्या मालकिणीच्या हायेत."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो. उरलेल्या झाडांना त्या वर्षी फळ चांगलं आलं होतं आणि ओळखीच्या माणसांना द्यायचं, एवढाच त्यात हिशोब होता.

संध्याकाळी मी छावणीत गेलो. काकूंनी दार उघडलं. काका वर्तमानपत्र वाचत होते, चष्मा आता साधा होता. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मालकांनी जालन्याचं काय म्हटलं होतं ते, मी 'बघतो म्हणाले' असं खोटं सांगितलं ते, सोयगावचं रान, आणि अप्पांचं ते वाक्य शब्दाला शब्द. ते ऐकत होते. मग त्यांनी वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, एक पिशवी डावीकडं रिकामी केली, दुसरी उजवीकडं. दोन्ही ढीग न्याहाळले. एक फळ उचलून समोरच्या ढिगातल्या फळाशेजारी धरलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"सारखीच दिलीत की रे अप्पानं," ते म्हणाले.

"हो."

"तुला आणि मला."

मी मान खाली घातली.

"अप्पाचं चुकलं," काका म्हणाले. "सारख्याला सारखं लावायचं असतं." आणि आत हाक मारली, "अगं, टोपलं आण."

दोन्ही ढीग त्यांनी टोपल्यात भरले. माझं एकही फळ मला परत दिलं नाही. तीन-चार महिने ज्या शिवीची मी वाट बघत होतो ती मला मिळाली होती, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्यांनी दोन्ही रिकाम्या पिशव्या एकावर एक ठेवून उभी घडी घातली, नखानं दाबली आणि माझ्या हातात दिल्या.

"पडेगावला जाऊन या द्यायच्या," ते म्हणाले. "आणि मघाशी मला जे सांगितलंस, ते सगळं अप्पाला सांगायचं. मग मी तुला सीताफळ देतो."

छावणीतून पडेगाव म्हणजे गाडीवर दहा-पंधरा मिनिटं, सरळ रस्ता. त्या संध्याकाळी अंधार पडायला आला होता म्हणून गेलो नाही. नंतर रविवारी जाऊ म्हटलं. पिशव्या अजून माझ्या कपाटात आहेत, घडी तशीच आहे.